भीतीचा स्कोअर आणि हातकणंगल्यातलं पोरगं : एका लोकप्रिय प्रश्नावलीची चिकित्सा



पेट झाली, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायची, अशा टप्प्यावर तुम्ही असाल तर ही पोस्ट तुमच्यासाठी आहे. समजा, तुम्ही विषय घेतलात : "हातकणंगले तालुक्यातील प्राथमिक शाळांतील विद्यार्थ्यांमधील भीती व मानसिक आरोग्य यांचा अभ्यास". शंभर मुलगे, शंभर मुली. भीतीची एक प्रश्नावली, मानसिक आरोग्याची दुसरी. टी-टेस्ट, सहसंबंध, निष्कर्ष, शिफारशी. आराखडा नीटनेटका दिसतो, आरआरसीत फारसं कुणी अडवणारही नाही.

विषय वाईट नाही. उलट फार गरजेचा आहे, का ते पुढे सांगतो. माझी तक्रार साधनाबद्दल आहे. लहान मुलांच्या भीतीवर काम करायचं ठरलं की जगभर ज्या प्रश्नावलीकडे सगळ्यात आधी हात जातो, ती आज आपण नीट उघडून बघू. माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर : मुलाला कशाची भीती वाटते याची बेरीज करून त्याचं मानसिक आरोग्य कळत नाही, त्या भीतीमुळे त्याचं काय अडलंय हे विचारल्यावर ते कळायला लागतं. आता हे वाक्य पुराव्यानिशी तपासू.

साधन काय आहे?

मुलांच्या भीतीची याद्या करून मोजणी ही जुनी गोष्ट आहे. स्टॅन्ली हॉल यांनी अमेरिकेत १८९७ सालीच भीतीवरचा अभ्यास छापला होता. आज वापरात असलेल्या यादीचं मूळ १९६८ मधलं, शेरर आणि नाकामुरा यांचं. थॉमस ओलेंडिक यांनी १९८३ मध्ये ती सुधारली. आपण तिला सोयीसाठी "सुधारित भीती प्रश्नावली" म्हणू. तिच्यात ८० बाबी आहेत. अंधार, कोळी, भूकंप, घरात चोर शिरणं, गाडीखाली येणं, कमी मार्क पडणं, वगैरे. प्रत्येक बाबीपुढे तीन पर्याय : अजिबात नाही, थोडी, खूप. त्यांना १, २, ३ गुण. म्हणजे एकूण गुण ८० ते २४० च्या दरम्यान. या ८० बाबी पाच गटांत बसतात : अपयश आणि टीका, अज्ञात गोष्टी, लहानसहान इजा आणि प्राणी, धोका आणि मृत्यू, आणि दवाखाना.

तिचे गुणही मान्य करायला हवेत. मुलं ती पटकन भरतात. विश्वसनीयता चांगली आहे, म्हणजे पुन्हा दिली तर स्कोअर फार हलत नाही. अनेक देशांत वापरली गेल्यामुळे तुलना करता येते. एकूण स्कोअरपेक्षा पाच गटांचे वेगवेगळे गुण जास्त उपयोगी पडतात. मुलाचा भयगंड कोणत्या प्रकारचा आहे हे ओळखायला त्यांची मदत होते, हेही दिसून आलंय. पण मदत होते कुणाला? जी मुलं आधीच त्रास घेऊन दवाखान्यात आलीत त्यांच्या बाबतीत. तुम्ही मात्र ती पट्टी सरसकट वर्गावर लावणार आहात. इथे प्रश्न विश्वसनीयतेचा नाही, यथार्थतेचा आहे. स्कोअर स्थिर आहे हे ठीक, पण तो स्कोअर आहे कशाचा?

स्कोअर नेमकं काय मोजतो?

हा प्रश्न १९९१ मध्येच मॅकॅथी आणि स्पेन्स या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी थेट शीर्षकातच विचारला होता : ही प्रश्नावली मोजते तरी काय? त्यांचा मुद्दा असा की, बहुतेक ठिकाणी वरच्या क्रमांकावर येणाऱ्या भीती, म्हणजे गाडीखाली येणं, श्वास कोंडणं, आग, बॉम्बहल्ला, या मुलांच्या रोजच्या दिवसात क्वचितच समोर येतात. "बॉम्ब पडला तर?" असं विचारल्यावर मूल "खूप भीती" वर खूण करतं, कारण कल्पनाच भयंकर आहे. याचा अर्थ ते मूल रोज बॉम्बच्या भीतीत जगतंय असा होत नाही. आपण मोजतो ती त्या विचाराला दिलेली प्रतिक्रिया. रोजच्या जगण्यातली भीती नव्हे.

नेदरलँड्समधल्या पीटर मुरिस आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये आणखी एक साधी गोष्ट केली. मुलांच्या हातात यादी दिली, तेव्हा धोका आणि मृत्यूच्या बाबी वर आल्या. यादी न देता "तुला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?" असं मोकळं विचारलं, तेव्हा वर आला कोळी! मुलांचं वय तेच, देश तोच. बदलली फक्त विचारायची पद्धत, आणि यादीच बदलली.

व्हायवाला हे लक्षात ठेवा. साधन हा पारदर्शक आरसा नसतो. प्रश्न कसा विचारला यावर उत्तराचा मोठा भाग ठरतो. म्हणून "मला आढळलं की मुलांना मृत्यूची भीती सर्वाधिक आहे" असं लिहिण्याआधी स्वतःला विचारा : हे मुलांनी सांगितलं, की यादीनं?

तीच यादी हातकणंगले तालुक्यात

आता ही यादी घेऊन आपल्या गावाकडे येऊ.

"गाडीखाली येण्याची भीती वाटते का?" एक मूल स्कूल बसमधून दारात उतरतं. दुसरं कोल्हापूर–सांगली रस्त्याच्या कडेनं चालत शाळेत जातं, आणि गळीत हंगामात त्याच्या अंगावरून उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर जात असतात. दोघांनीही "खूप" वर खूण केली, दोघांना ३ गुण. पहिल्याची भीती कल्पनेतली असेल. दुसऱ्याची भीती म्हणजे शहाणपण आहे, आणि तिच्यावरचा उपाय समुपदेशन नव्हे, रस्त्याकडेची पायवाट आहे. तुमच्या टेबलमध्ये मात्र दोघं सारखेच.

दुसरं उदाहरण जास्त गंभीर आहे. या तालुक्याच्या उत्तरेला वारणा आणि दक्षिणेला पंचगंगा. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये, दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ पुणे–बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडला. नदीकाठच्या गावांतली माणसं, जनावरं हलवावी लागली. कितीतरी ठिकाणी शाळा हीच छावणी झाली. २०१९ ला पहिलीत गेलेल्या मुलाचा हिशेब करा : पहिलीत पूर, पहिली संपता संपता लॉकडाऊन, मग दीड वर्षाहून जास्त काळ बंद शाळा, आणि त्यातच दुसरा पूर. आठ-नऊ वर्षांच्या आयुष्यात एवढं सगळं.

अशा मुलाला "पुराची भीती वाटते का?" विचारलं तर काय उत्तर येणार? नदीकाठच्या वर्गात सगळेच "खूप" म्हणतील. सगळ्यांनी एकच उत्तर दिलं की त्या बाबीत फरकच उरत नाही, आणि फरक नसेल तर सहसंबंध कशाचा काढणार? खरी माहिती वेगळ्या प्रश्नात आहे. जुलैत पावसाची झड लागली की हे पोरगं काय करतं? दप्तर माळ्यावर ठेवून परत खेळायला जातं? की शाळेतही खिडकीकडे बघत बसतं, रात्री दचकून उठतं, आईला सोडून वर्गात बसायलाच तयार होत नाही? पहिल्याची भीती जागच्या जागी आहे. घरातली मोठी माणसंही तेच करतात. बंधाऱ्याची पातळी मोबाईलवर बघतात, धान्याची पोती वर चढवतात. दुसऱ्याला मदत हवी आहे. दोघांचा स्कोअर मात्र ३.

ज्या मुलासाठी आपण हा सगळा खटाटोप मांडला, तेच मूल सरासरीत बुडून जातं, ही माझी मुख्य हरकत आहे.

भाषांतराचा घोळ : भीती, धाक, धास्ती

"इंग्रजी साधनाचे मराठी भाषांतर करून तज्ज्ञांकडून तपासून घेतले" एवढं एक वाक्य लिहून आपण मोकळे होतो. पण मराठीत भीतीला एकच शब्द नाही. पुढे काहीतरी होणार म्हणून लागते ती धास्ती. मोठ्यांसमोर वाटतो तो धाक. परीक्षेच्या आधी येतं ते दडपण. एकदम आवाज झाला की मूल दचकतं, नव्या जागी बावरतं, मोठा प्रसंग ओढवला की हबकतं. आणि आपल्याकडची बारकी पोरं "मला भीती वाटते" असं क्वचितच म्हणतात. ती "पोटात दुखतंय" म्हणतात, किंवा सरळ "भ्या वाटतंय" म्हणतात.

"तुला शिक्षकांची भीती वाटते का?" हा प्रश्न घ्या. सरांचा धाक असणं हे आपल्याकडे चांगल्या मुलाचं लक्षण मानतात. वर्गात, सरांच्या देखत भरलेल्या फॉर्मवर मूल "खूप" लिहील, आणि ते त्याच्या लेखी आज्ञाधारकपणाचं उत्तर असेल. तुम्ही ते अपयश आणि टीकेच्या भीतीत जमा कराल. उलटंही होईल. खरंच मार खाणारं मूल, मारणाऱ्याच्याच देखत, "अजिबात नाही" वर खूण करून मोकळं होईल.

इचलकरंजी याच तालुक्यातली. यंत्रमागाच्या कामासाठी तिथे बाहेरच्या राज्यांतून कुटुंबं आलेली आहेत. म्हणजे तुमच्या सॅम्पलमधल्या काही मुलांची घरची भाषा हिंदी, भोजपुरी, कन्नड किंवा आणखी काही असणार. अशा वर्गात एखादी मुलगी महिना-महिना तोंड उघडत नाही. तिला काय म्हणायचं? निवडक मौन नावाचा एक चिंता विकार आहे : मूल घरी बोलतं, पण शाळेसारख्या ठराविक जागी बोलूच शकत नाही. पण २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये त्याला दोन अटी घातल्यात. शाळेच्या पहिल्या महिन्यापुरतं गप्प राहणं त्यात धरायचं नाही. आणि ती भाषाच येत नाही म्हणून गप्प असेल तरी धरायचं नाही. म्हणजे निदानाच्या आधी चौकशी हवी : घरची भाषा कोणती, आणि त्या भाषेत ती बोलते का? प्रश्नावली मराठीत छापून दिली की ही चौकशी तिथेच संपते.

"मुली जास्त घाबरतात" हा निष्कर्ष

हा निष्कर्ष जवळजवळ प्रत्येक अभ्यासात येतो. तुमच्याही येईल, कारण या प्रश्नावलीवर मुलींचे गुण मुलांपेक्षा जास्त येतात हे अनेक देशांत दिसलंय. पण तो लिहून पुढे जाऊ नका. पिअर्स आणि कर्कपॅट्रिक यांनी १९९२ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. आधी भीतीची प्रश्नावली भरून घेतली. मग पुन्हा भरून घेताना असा समज करून दिला की, हृदयाच्या ठोक्यांवरून खरं-खोटं कळणार आहे. उंदरांसारख्या गोष्टींबद्दल पुरुषांचे भीतीचे गुण दुसऱ्या वेळी वाढले. बायकांचे तसे वाढले नाहीत.

हा प्रयोग मोठ्यांवरचा आहे, तो जसाच्या तसा दुसरीच्या मुलांवर लावता येणार नाही. पण शंका मात्र रास्त आहे. "बायकांसारखा रडतोस काय" हे ऐकत वाढलेला मुलगा तुमच्या फॉर्मवर काय लिहील? तुमचा टी-टेस्ट भीतीतला फरक दाखवतोय, की भीती कबूल करण्यातला? चर्चेच्या प्रकरणात हा प्रश्न आलाच पाहिजे.

शीर्षकातला "व"

आता त्या शीर्षकातलं सगळ्यात अवघड अक्षर बघू : "भीती व मानसिक आरोग्य". हा "व" फार सहज पडतो. जणू भीती वाढली की आरोग्य घसरलंच.

भीती हा आजार नाही. तान्हं बाळ आठ-दहा महिन्यांचं झालं की परक्या माणसाला बघून रडतं, आणि ते नीट वाढत असल्याची ती खूण असते. बालवाडीच्या वयात अंधार आणि बागुलबुवा येतो. शाळेच्या वयात इजा, मरण, मार्क, हसं होणं. बहुतेक भीती येतात तशा जातात. भयगंड म्हणायचा तर भीती टिकून राहिलेली हवी, डीएसएम-५ नुसार साधारण सहा महिने किंवा जास्त, आणि तिच्यामुळे मुलाला मोठा त्रास होत असला पाहिजे किंवा रोजचं जगणं अडलेलं असलं पाहिजे.

हा शेवटचा निकष लावला की आकडे किती बदलतात, हे आपल्याच देशातल्या एका अभ्यासात दिसतं. शोभा श्रीनाथ आणि सहकाऱ्यांनी बंगळूरच्या शहरी, झोपडपट्टी आणि ग्रामीण भागातल्या सुमारे दोन हजार मुलांचा अभ्यास केला. तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. ४ ते १६ वयोगटात १२ टक्के मुलांमध्ये कुठला ना कुठला मानसिक विकार आढळला. जास्त आढळलेल्या निदानांत विशिष्ट गोष्टीचा भयगंडही होता. पण त्या विकारामुळे जगण्यात लक्षणीय अडथळा येतोय का, हे तपासल्यावर आकडा ५.३ टक्क्यांवर आला. निम्म्याहून कमी! आणि लक्षात घ्या, हे रीतसर निदान केल्यानंतरचं आहे. नुसत्या प्रश्नावलीच्या स्कोअरवर काम केलं असतं तर किती मुलांवर शिक्का बसला असता?

मग विषय सोडून द्यायचा? अजिबात नाही. निम्हान्सनं २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात १३ ते १७ वयोगटासाठी ७.३ टक्के असा आकडा आला. पण पहिली ते चौथीची मुलं त्या वयोगटात येत नाहीत, आणि ज्या १२ राज्यांत सर्वेक्षण झालं त्यांत महाराष्ट्रही नव्हता. म्हणजे हातकणंगल्यातलं सात वर्षांचं पोरगं वयानंही बाहेर आणि राज्यानंही बाहेर. त्या सर्वेक्षणाचा आकडा सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर टाकून "आपल्याकडेही हीच परिस्थिती आहे" असं लिहिणं चुकीचं आहे. पण ही पोकळीच तुमच्या अभ्यासाचं सगळ्यात भक्कम कारण आहे. म्हणून तर साधनाबद्दल एवढं खेकसतोय. जिथे माहितीच थोडी आहे तिथे चुकीची माहिती भरून ठेवणं जास्त महागात पडतं.

"मार खाल्ला म्हणून सुधारलो"

तुम्ही शाळेत गेलात की कुणीतरी हे वाक्य म्हणणारच : भीती काय, दोन फटके दिले की जाते. आणि पुरावा म्हणून 'श्यामची आई' पुढे करणार. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेलं हे पुस्तक. त्यातला पोहण्याचा प्रसंग घराघरांत माहीत आहे. पाण्याला घाबरून लपून बसलेला श्याम, त्याला मारत विहिरीवर पाठवणारी आई, आणि शेवटी पोहायला शिकलेला श्याम.

संशोधक म्हणून हा प्रसंग पुन्हा वाचा. पहिली गोष्ट, श्यामच्या आईला चिंता आहे ती नुसत्या पाण्याच्या भीतीची नाही. लोक पोराला भित्रा म्हणतील याची आहे. भीती एकट्या मुलात नसते, ती मूल, आई आणि गाव यांच्या मध्ये असते. ८० बाबींची यादी हे पकडूच शकत नाही. लेखकानं ते दोन-चार पानांत पकडलंय. मारल्यावर आईलाही वाईट वाटतं, हेही तो लपवत नाही.

दुसरी गोष्ट, हा पुरावा नाही. जो शिकला त्यानं मोठेपणी ही गोष्ट सांगितली. ज्याच्या मनात त्या फटक्यांमुळे पाण्याची धास्ती कायमची बसली, त्यानं पुस्तक लिहिलेलं नाही. टिकून राहिलेल्यांकडे बघून निष्कर्ष काढणं ही नमुना निवडीतली जुनी फसगत आहे, आणि "आम्हाला नाही का मारलं" या युक्तिवादाचं पोट त्यातच आहे.

भीती घालवण्याचा तपासलेला रस्ता वेगळा आहे. मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये पीटर नावानं ओळखल्या जाणाऱ्या, सुमारे तीन वर्षांच्या मुलाची सशाची भीती घालवली. कशी? तो आवडीचं खात असताना ससा आधी लांब ठेवला, मग रोज थोडा थोडा जवळ आणला. सोबत सशाला न घाबरणारी मुलंही होती. शेवटी पीटर सशाला हात लावायला लागला. आजची वर्तनोपचाराची पद्धत याच पायावर उभी आहे. आणि कायद्याचं म्हणाल तर शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नं शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली आहे.

मग करायचं काय?

साधन फेकून द्या असं मी म्हणत नाही. त्याला त्याच्या जागी ठेवा. माझ्या मते किमान एवढं करा :

१. आधी मोकळा प्रश्न, मग यादी. "तुला कशाचं भ्या वाटतं?" हे मुलाच्या बोलीत विचारा, उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. यादी नंतर द्या. क्रम उलटा केलात तर यादीतले शब्दच परत ऐकू येतील.

२. प्रत्येक मोठ्या भीतीमागे तीन जोडप्रश्न : अशी भीती शेवटची कधी वाटली? किती वेळ टिकली? तिच्यामुळे काय करायचं राहिलं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हा तुमचा खरा डेटा. रॉबर्ट गुडमन यांच्या १९९७ च्या २५ बाबींच्या प्रश्नावलीला अशीच एक पुरवणी जोडलेली आहे. त्रासामुळे घर, मैत्री, वर्गातलं शिकणं आणि खेळ यांत किती अडथळा येतो, हे ती विचारते. ती बघून घ्या.

३. पहिली-दुसरीच्या मुलांना कागद देऊ नका. एकेकट्याशी बोला, चित्रं वापरा. मुरिस यांनी २००३ मध्ये लहान मुलांसाठी ३१ बाबींची चित्रांची प्रश्नावली केली, तिच्यात कोआला अस्वलाचे भाव दाखवून मूल उत्तर देतं. आपल्या पोरांनी कोआला पाहिलेला नाही. चेहऱ्यांची साधी चित्रं काढून आधी दहा-पंधरा मुलांवर तपासून बघा.

४. मुलाशिवाय आणखी एक साक्षीदार ठेवा. पालक, वर्गशिक्षक, आणि सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे हजेरीपट. जून ते ऑगस्टमधली गैरहजेरी आधीच्या वर्षांशी ताडून बघा. पुराच्या भीतीबद्दल ती कदाचित ८० बाबींपेक्षा जास्त सांगेल. अर्थात आजारपण आणि बंद रस्ते वेगळे काढूनच.

५. भीती कुठून आली ते विचारा. रॅकमन यांनी १९७७ मध्ये तीन वाटा सांगितल्या : स्वतःचा अनुभव, दुसऱ्याला घाबरताना बघणं, आणि कानावर पडलेली माहिती. पूर ही पहिली वाट, आईची धास्ती ही दुसरी. तिसरीचं उदाहरण म्हणजे मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये शेजारच्या सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंगा गावात, अशाच संशयावरून चार साधूंना मारहाण झाली. मोठी माणसं एवढी पेटतात, तेव्हा घरातली पोरं काय ऐकत असतील?

या तिसऱ्या वाटेवरून एक सावधगिरी. अँडी फील्ड आणि सहकाऱ्यांनी २००० नंतरच्या प्रयोगांत मुलांना कधी न पाहिलेल्या प्राण्यांबद्दल वाईट माहिती सांगितली, तेव्हा नुसत्या सांगण्यानं मुलांची भीती वाढली. म्हणजे प्रश्नही निरुपद्रवी नसतात. सहा वर्षांच्या मुलाला एका दमात ८० भयंकर गोष्टी वाचून दाखवण्याआधी दोनदा विचार करा. त्यातल्या काही त्याला तुमच्याकडूनच पहिल्यांदा कळतील.

परवानगीचा कागद पुरेसा नाही

गटशिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, मुख्याध्यापकांचं पत्र, पालकांची संमती हे तर हवंच. शिवाय आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ७ ते १२ वयाच्या मुलाची तोंडी संमतीही हवी. मूल "नको" म्हणालं की थांबायचं, आईवडिलांची सही असली तरी. प्रश्नावलीच्या मूळ लेखकाची परवानगीही विसरू नका.

आणि एक गोष्ट डेटा गोळा करण्याच्या आधी ठरवून ठेवा. भीतीबद्दल विचारायला गेलात की कधीतरी एखादं मूल असं नाव घेईल की तुमचा पेन थांबेल. लैंगिक अत्याचाराचं कळलं तर पॉक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना किंवा बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. "माहिती गोपनीय ठेवली जाईल" हे तुमचं छापील वाक्य तिथे लागू होत नाही. म्हणून ते वाक्य आधीच नीट लिहा. चाइल्डलाइन १०९८ आणि टेली-मानस १४४१६ हे क्रमांक फॉर्मच्या मागे छापा. जास्त त्रास दिसणाऱ्या मुलाला पाठवायचं कुठे, कोल्हापूरच्या सीपीआरच्या मानसोपचार विभागात की आणखी कुठे, हे आधी जाऊन बोलून ठेवा. पाठवायची सोय नसताना मुलांची भीती उकरून काढणं मला योग्य वाटत नाही. मुलं सगळं सांगून मोकळी होतात, आपण डेटा घेऊन विद्यापीठात परत येतो, आणि त्यांच्याकडे पुन्हा कुणी येत नाही.

शेवटी एक काम देतो. आपल्या सिनॉप्सिसचं उद्दिष्टांचं पान काढा. "भीतीची पातळी मोजणे" असं जिथे लिहिलं असेल तिथे ते खोडून लिहून बघा : "भीतीमुळे मुलाचे शाळेत येणे, बोलणे, खेळणे आणि झोपणे यांत येणारा अडथळा शोधणे". मग बघा, साधन बदलावं लागतंय का, सॅम्पल दोनशेवरून साठवर येतंय का, टी-टेस्टच्या जोडीला मुलाखती घ्याव्या लागतायत का. लागत असतील तर काम वाढलं, हे खरं. पण त्या वर्गात खिडकीकडे बघत बसलेलं एक पोरगं आहे, आणि ते तुमच्या टेबलमध्ये दिसायला हवं असेल तर एवढं काम करावंच लागेल.